पहिलं इलेक्ट्रॉनिक खेळणं घेताना

ताई, लेक पाच वर्षांची आहे ना? मग बोलणारा टॅब्लेट सध्या राहू द्या. आमच्याकडे आणला होता. मुलगा एकच बटण दाबून तेच गाणं ऐकत बसायचा, अक्षर एकही शिकला नाही.

आधी बॅटरीचं झाकण बघा. ते स्क्रूनेच बंद होणारं हवं, नखाने उघडणारं अजिबात नको. घरात धाकटं बाळ असेल तर बटण सेलवालं, म्हणजे घड्याळात असतो तसा चपटा गोल सेल लागणारं, खेळणं आणूच नका. तो सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. खोक्यावर आयएसआयची खूण हवीच, 2021 पासून ती सक्तीची आहे.

माझं मत विचाराल तर साधा सर्किट संच घ्या: दोन पेन्सिल सेल, छोटी मोटर, पंखा, स्विच. पहिल्या दिवशी शेजारी बसा, पण जोडू तिलाच द्या. वायरी उलट जोडल्या की पंखा उलटा फिरतो. आमच्या पोराने ते पाहिलं आणि स्वतःच पुन्हा पुन्हा वायरी बदलत बसला, जेवायलाही उठेना! आवाज करणारं खेळणं घेणार असाल तर त्याचा आवाज मात्र दुकानातच ऐकून घ्या, कानाला टोचला तर परत ठेवा.