जुन्या फॉण्टमधली ग्रंथयादी वाचता येत नसेल, तरी तिचा फॉण्ट बदलू नका

आपला प्रश्न काल रात्री वाचला आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवले नाही. आपण लिहिता की आपल्या गावच्या ग्रंथालयाचा जुना संगणक बंद पडला, नवा आणला, पेन ड्राइव्हवरून ग्रंथयादीची एक्सेल फाइल उघडली आणि पुस्तकांच्या मराठी नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांच्या अर्थहीन ओळी दिसू लागल्या. शिवाय कोणीतरी आपल्याला ‘सगळे सिलेक्ट करा आणि फॉण्ट मंगल करा’ (मंगल हा विंडोजमधला देवनागरी युनिकोड फॉण्ट) असे सांगितले आहे. हे अजून केले नसेल तर कृपया करू नका. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातील ‘ड’ वर्ग ग्रंथालयाचा सचिव आहे, आणि नेमके हेच केल्यामुळे आमचे बारा वर्षांचे टंकलेखन एका दुपारी वाया गेले.

मी संगणकाचा अभियंता नाही, निवृत्त शिक्षक आहे. खाली लिहिले आहे ते स्वतः भोगून आणि नंतर जाणकारांना विचारून कळलेले आहे. आपल्या फाइलमध्ये काही वेगळे निघाले, तर समोर फाइल घेऊन बसलेल्या माणसाचे म्हणणे माझ्यापेक्षा अधिक ग्राह्य धरावे.

युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठराविक क्रमांक देणारी पद्धत. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तीत देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र कप्पा राखला गेला. मात्र आपल्याकडच्या साध्या संगणकांवर देवनागरी नीट दिसू लागली ती विंडोज २००० आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांपासून, आणि खेड्यापाड्यांतल्या टंकलेखन संस्थांपर्यंत ती पोचायला आणखी बरीच वर्षे गेली. मधल्या काळात लग्नपत्रिका, ग्रामसभेच्या नोटिसा, शाळेच्या प्रश्नपत्रिका हे सारे काम कृतिदेव, श्रीलिपी, सुरेख अशा फॉण्टांनीच निभावले. त्या फॉण्टांना मी दोष देत नाही. त्यांची रीत मात्र समजून घेतली पाहिजे, कारण आपली सगळी अडचण त्या रीतीतच आहे.

कृतिदेवमध्ये आपण ‘काम’ लिहितो, तेव्हा संगणकाच्या दृष्टीने तिथे मराठी काहीच नसते. डी, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरे असतात, आणि डी चे चित्र ‘क’ सारखे, के चे काना म्हणून व ई चे ‘म’ सारखे काढलेले असते. ‘भारत’ लिहिताना तर के दोनदा येतो, एकदा अर्ध्या ‘भ’ ला पूर्ण करण्यासाठी आणि एकदा खऱ्या कान्यासाठी. दुसऱ्या फॉण्टमध्ये हीच इंग्रजी अक्षरे वेगळीच चित्रे दाखवतात. म्हणजे फाइलमध्ये साठवलेली असते ती केवळ सांकेतिक अक्षरांची ओळ, आणि ती कोणत्या तक्त्याने वाचायची हे सांगणारी एकच खूण त्या चौकटीला चिकटलेली असते. ती खूण म्हणजे फॉण्टचे नाव. फॉण्ट मंगल केला की ओळ तशीच राहते, मराठी काही होत नाही, पण ती वाचण्याची किल्ली पुसली जाते.

आमच्या बाबतीत असेच घडले. आमच्याकडे पाच हजारांवर पुस्तकांची यादी होती. पहिली काही वर्षे ती एका मुलाने श्रीलिपीत टंकली होती. तो नोकरीसाठी नागपूरला गेल्यावर एका मुलीने पुढचे काम कृतिदेवमध्ये केले, आणि मधल्या चारपाचशे ओळी दुसऱ्या ग्रंथालयाकडून आलेल्या असल्याने सुरेखमध्ये होत्या. हे सारे एकाच शीटमध्ये होते. जुन्या संगणकावर तिन्ही फॉण्ट असल्यामुळे डोळ्यांना सगळे एकसारखेच दिसे आणि कोणाला कधी अडचण आली नाही. त्यामुळे यादीत तीन भाषांइतके अंतर असलेले तीन तक्ते आहेत, हे माझ्याही ध्यानात राहिले नाही.

मग एका कार्यालयाकडून पत्र आले की, आठ दिवसांत संपूर्ण ग्रंथयादी युनिकोडमध्ये सादर करावी. युनिकोड म्हणजे काय, रूपांतर कसे करायचे, त्यासाठी कोणाला भेटायचे, यापैकी एक ओळही त्या पत्रात नव्हती. मी दोनदा एसटीने जाऊन आलो. पहिल्या खेपेस संबंधित लिपिक रजेवर होते. दुसऱ्या खेपेस ते भेटले आणि मान वर न करता त्यांनी ‘सगळे सिलेक्ट करा, फॉण्ट मंगल करा, झाले’ एवढेच सांगितले. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. परत येऊन संपूर्ण शीट निवडली, मंगल केले, जतन केले आणि फाइल बंद केली. दुसऱ्या दिवशी उघडली तर सगळीकडे इंग्रजी अक्षरे होती. त्यावेळी तरी मी थांबायला हवे होते. पण मुदतीचे दोनच दिवस उरले होते, म्हणून एका ओळखीच्या मुलाने इंटरनेटवरचा कृतिदेव ते युनिकोड परिवर्तक संपूर्ण शीटवर चालवला आणि त्याच नावाने फाइल पुन्हा जतन केली. पेन ड्राइव्हवरही तीच फाइल जुनीच्या जागी गेली. जुना संगणक तोवर दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट करून विकून टाकला होता.

कृतिदेवमधल्या ओळी बऱ्यापैकी मराठी झाल्या. श्रीलिपी आणि सुरेखमधल्या ओळींचे मात्र काय झाले ते पाहून मला रात्रभर झोप आली नाही. चुकीच्या तक्त्याने वाचलेली ती अक्षरे आता खऱ्या देवनागरीत होती आणि तरीही एका शब्दालाही अर्थ नव्हता. परिवर्तक वेलांट्या आणि रफार यांच्या जागा हलवतो, त्यामुळे उलटा प्रवास करून मूळ ओळ हाती येण्याची खात्रीही उरली नाही. किमतीचा आणि तारखेचा रकानाही सुटला नाही. कृतिदेवमध्ये इंग्रजी टिंबाच्या कळीवर अर्धा ‘ण’ आणि तिरप्या रेघेच्या कळीवर अर्धा ‘ध’ असतो, म्हणून ४५.५० रुपयांच्या मध्ये ‘ण्’ आला आणि प्रत्येक तारखेत दोन ठिकाणी ‘ध्’ बसला.

शेवटी आम्ही हस्तलिखित दाखल नोंदवह्या, म्हणजे आलेले प्रत्येक पुस्तक क्रमाने नोंदवलेल्या वह्या, काढल्या. दोन खंड चांगले होते. तिसऱ्या खंडावर छपराचे पाणी गळून शाई पसरली होती, त्यामुळे सातशेच्या वर पुस्तके एकेक करून कपाटातून काढून, मुखपृष्ठ पाहून नव्याने नोंदवावी लागली. अकरावीतल्या दोन मुली आणि मी, असे तिघे संपूर्ण हिवाळा रोज संध्याकाळी बसत होतो. आणि मुदत टळून गेल्यावर त्याच कार्यालयाने कळवले की, तूर्त छापील प्रत दिली तरी चालेल. जुन्या संगणकावरून ती छापील प्रत मी पहिल्याच दिवशी देऊ शकलो असतो. इतकी वर्षे झाली तरी या एका गोष्टीचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. खेड्यातल्या ग्रंथालयाकडे संगणक विभाग नसतो, एक मानधनावरचा ग्रंथपाल आणि एक सचिव असतो. त्यांच्याकडून तांत्रिक काम मागणाऱ्याने ते काम कसे करायचे याचे निदान एक पान तरी सोबत द्यायला हवे, आणि आपल्याला माहीत नसेल तर माहीत नाही असे स्पष्ट सांगायला हवे.

आता आपल्या फाइलकडे वळतो. तिच्या दोनतीन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवा, एक स्वतःलाच मेल करा, आणि यापुढे केवळ प्रतीवर काम करा. मग एकेका चौकटीवर क्लिक करून वरच्या फॉण्टच्या खिडकीत कोणते नाव दिसते ते पाहा. तो फॉण्ट नव्या संगणकावर नसला तरी त्याचे नाव तिथे दिसतेच. पहिल्या ओळीवर थांबू नका, मधल्या आणि शेवटच्या ओळीही पाहा, कारण वर्षानुवर्षे चाललेल्या यादीत टंकणारे हात बदललेले असतात. जुना संगणक बंद पडला असला तरी त्याची हार्ड डिस्क बहुधा शाबूत असते. ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की विंडोजच्या फॉण्ट्स फोल्डरमधून त्या फॉण्टच्या फाइली मिळतात. हे फॉण्ट परवान्याचे असतात, तेव्हा आपल्या ग्रंथालयाने घेतलेलेच वापरावेत. ते नव्या संगणकावर बसवले की यादी पूर्वीसारखी दिसेल, आणि तशी दिसताक्षणी संपूर्ण यादीची पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमधून मजकूर उचलता येणार नाही, पण तिच्यात फॉण्ट आतच बसवलेला असल्याने ती कोणत्याही संगणकावर वाचता येईल आणि पुढच्या प्रत्येक तपासणीला तीच आधार ठरेल.

फॉण्ट एकाहून अधिक निघाले तर एक उपाय मला फार उशिरा कळला, तो आपल्याला आधीच सांगतो. एक्सेलच्या ‘फाइंड अँड रिप्लेस’ खिडकीत शोधायचा शब्द रिकामा ठेवून केवळ फॉरमॅट देता येतो. शोधण्याच्या बाजूला फॉण्टचे नाव द्या, बदलण्याच्या बाजूला फक्त चौकटीचा रंग द्या. कृतिदेवच्या चौकटी पिवळ्या, श्रीलिपीच्या हिरव्या, असे झाले की रंगानुसार फिल्टर लावून प्रत्येक गट वेगळ्या शीटमध्ये काढता येतो, आणि त्या त्या गटाला त्याचाच परिवर्तक लावता येतो. रूपांतरासाठी फक्त मराठी मजकुराचे रकाने घ्या. दाखल क्रमांक, किंमत, तारीख आणि इंग्रजी पुस्तकांची नावे यांना हात लावू नका.

रूपांतर झाल्यावर सगळी यादी वाचणे शक्य नसते, म्हणून चुकीच्या जागा ठरवून तपासा. ‘वर्धा’, ‘विदर्भ’ असे रफाराचे शब्द पाहा, कारण जुन्या फॉण्टमध्ये रफार अक्षरानंतर टंकला जातो आणि युनिकोडमध्ये आधी येतो. ‘पश्चिम’, ‘निश्चित’ अशी जोडाक्षरावरची ऱ्हस्व वेलांटी पाहा. आणि सर्वांत आधी ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द पाहा. आपल्या भागातल्या ग्रंथालयात शेतीवरची पुस्तके भरपूर असतात, आणि हिंदीसाठी बनवलेले अनेक परिवर्तक या शब्दावर अडखळतात, कारण हा ‘ऱ्य’ हिंदीत लागतच नाही. कधी तिथे रफार येऊन ‘शेतकर्यांचा’ होते. कधी दिसायला अगदी बरोबर दिसते, पण आत साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असते. अशा वेळी आपण नीट टंकलेला शब्द शोधला तर डोळ्यांसमोर असलेले पुस्तक संगणकाला सापडत नाही. सगळीकडे नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ‘ऱ’ एकसारखा करून घेणे हाच त्यावर उपाय आहे.

एवढी खटपट कशासाठी, असे आपल्या संचालक मंडळातले कोणी विचारील. आमच्याकडेही विचारले होते. जुन्या यादीला अकारविल्हे लावले की संगणक इंग्रजी क्रमाने लावत असे. डी वर ‘क’, ई वर ‘म’ आणि एफ वर ऱ्हस्व वेलांटी, म्हणून कादंबऱ्यांच्या पाठोपाठ ‘म’ ची पुस्तके येत आणि त्यानंतर ‘किनारा’, ‘विहीर’, ‘शिवार’ अशी ऱ्हस्व वेलांटीने सुरू होणारी नावे, मग त्यांचे अक्षर कोणतेही असो. वाचकाने पुस्तक मागितले की शेवटी ग्रंथपालाच्या आठवणीवरच भिस्त असे. युनिकोडमध्ये यादी खऱ्या अकारविल्ह्याने लागते आणि शोधता येते, माझ्या मते एवढे कारण पुरेसे आहे.

पुढच्या नोंदींसाठी मी इन्स्क्रिप्ट या कळफलकाचा आग्रह धरीन, हे मत अनेकांना पटणार नाही याची कल्पना आहे. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की तो कळफलक फुकट मिळतो, डावीकडे स्वर आणि उजवीकडे व्यंजने अशी त्याची सरळ मांडणी आहे, आणि शिफ्ट धरून ‘र’ ची कळ दाबली की ‘ऱ’ येतो. आमच्या त्या दोन मुलींना तो हिवाळ्यातच आला. ज्यांनी टंकलेखनाची परीक्षा रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टंकयंत्राच्या मांडणीवर, दिली आहे त्यांनी मुद्दाम हात बदलण्याची गरज नाही, ती मांडणीही युनिकोडमध्ये मिळते. इंग्रजी स्पेलिंग टंकून मराठी उमटवणारी साधने पत्र लिहायला चांगली आहेत, पण ग्रंथयादीसाठी मी ती वापरू देत नाही. ती आपल्या मनाने शब्द सुचवतात, आणि लेखकाचे आडनाव किंवा प्रकाशनाचे गाव बदलले गेले तरी कोणाच्या ध्यानात येत नाही.

जाता जाता एक सांगतो. नव्या संगणकासोबत यूपीएस घेतला नसेल तर यादीचे काम सुरू करण्याआधी घ्या, आणि तो जुना असेल तर बॅटरी तपासून घ्या. आमच्याकडे फाइल जतन होत असतानाच वीज गेल्याचे दोनदा झाले आहे, आणि उन्हाळ्यात आपल्या भागात काय उकाडा असतो आणि वीज किती वेळा जाते हे आपल्याला ठाऊकच आहे.

आपण फक्त एवढे कळवा की, पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ओळीतल्या पुस्तकाच्या नावावर क्लिक केल्यावर फॉण्टच्या खिडकीत काय दिसते. तिन्ही ठिकाणी ‘मंगल’ दिसत असेल तर तेही सांगा. फाइल त्यानंतर कोणी रूपांतरित केलेली नसेल, तर प्रत्येक ओळीवर एकेक तक्ता लावून पाहण्याचा मार्ग वेळखाऊ असला तरी उघडा असतो. आणि दाखल नोंदवह्यांचे खंड कोणत्या कपाटात आहेत ते आजच पाहून ठेवा.