वादी रमला जाताय? मग आधी हे वाचा

जॉर्डनला जाताय तर तिथल्या वादी रम या वाळवंटाला दोन रात्री ठेवाच, एका रात्रीत नुसती जीपमधून धावपळ होते. कॅम्प बुक करताना तो संरक्षित भागाच्या आत आहे का ते विचारा, कारण बरेचसे काचेच्या घुमटवाले चकाचक कॅम्प बाहेर दिसी गावाकडे असतात. एंट्री ५ दिनार, जॉर्डन पास (पर्यटकांसाठीचा एकत्रित प्रवेश-पास) असेल तर फ्री. रोख जवळ असू द्या. डिसेंबर-जानेवारीत रात्री हाडं गोठतात, वाळवंट म्हणजे गरमच असं समजून आम्ही पातळ जॅकेट नेलं होतं, रात्रभर कुडकुडलो! शाकाहारी असाल तर आधीच सांगा, कॅम्पवर जेवायला असतं ते जर्ब म्हणजे वाळूतल्या खड्ड्यात शिजवलेलं मटण-चिकन, पण त्यातल्याच भाज्या वेगळ्या ठेवून देतात. आणि कॉफी पुरे झाली की कप हलवून परत द्या, नाहीतर बेदुइन (वाळवंटातले अरब) यजमान ओततच राहतात.