परतीचा हिशेब

दांडिया बाजार, बडोदे

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी जुन्या वळणाचा, भुयारात उतरण्याचा रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्रांची भूमिका घेऊन खेळायचा गेम, लिहावा असे तुझ्या मनात आहे, त्याआधी मूळचे कोणते गेम खेळून पाहावेत असे तू विचारतेस, आणि चार पांढऱ्या रेघांत भिंती दाखवणाऱ्या गेमवर आमची पिढी अजून एवढी लुब्ध का, असा जाता जाता चिमटाही काढतेस. चिमट्याचे उत्तर आधी देतो, कारण ते पटले तर कोणते गेम खेळायचे याची निवड तुझी तुलाच करता येईल.

या गेमची थोरवी सांगताना लोक राक्षस, तलवारी आणि खजिने यांविषयी भरभरून बोलतात. मला विचारशील तर ती सारी आरास आहे. डंजनमध्ये, म्हणजे त्या भुयारात, उतरणे कोणालाही जमते. पण आणखी एक दार उघडावे, की उरलेल्या दोनचार मंत्रांवर आणि जखमी सोबत्यांवर भिस्त ठेवून आत्ताच मागे फिरावे, हे ठरवताना कीबोर्डवरचा हात थबकतो, आणि ते थबकणे हाच या प्रकाराचा प्राण आहे. परतीच्या वाटेची किंमत खेळणाऱ्याकडून चोख वसूल करणारा गेम जुना होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

याचा सर्वांत स्वच्छ नमुना म्हणजे १९८१ मध्ये ॲपल टू संगणकासाठी निघालेला ‘विझर्ड्री’. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोघांनी तो लिहिला आणि सर-टेक कंपनीने बाजारात आणला. सहा जणांचा चमू, वर एक गाव, खाली दहा मजले आणि प्रत्येक मजला २० बाय २० चौकटींचा, एवढाच त्याचा संसार. गावातल्या सरायीत झोप घेतल्याशिवाय खर्च झालेले मंत्र परत मिळत नाहीत, त्यामुळे भुयारात टाकलेले प्रत्येक पाऊल दोनदा मोजावे लागते, एकदा जाताना आणि एकदा येताना. एखादा सोबती मेला तर त्याचे प्रेत देवळात न्यायचे, दक्षिणा मोजायची आणि तो उठेल अशी आशा करायची. विधी फसला तर त्याची राख होते, आणि राखेवरचा विधीही फसला तर तो कायमचा गेला. सगळा चमू गारद झाला तर प्रेते तिथेच खाली पडून राहतात आणि ती शोधायला नव्या माणसांचा दुसरा चमू उतरवावा लागतो. या साऱ्याची नोंद गेम आपणहून फ्लॉपीवर करून टाकत असल्यामुळे पश्चात्तापाला फारशी जागा उरत नसे.

आता यातली एक बारीक गोष्ट दाखवतो, कारण गेम लिहिणाऱ्याने शिकावी अशी ती आहे. नवशिक्या मांत्रिकाजवळ सुरुवातीला पहिल्या पायरीचे दोनच मंत्र टाकण्याची ताकद असते. त्या पायरीवर शत्रूंना झोपवणारा ‘कतिनो’ आहे आणि आपण जिन्यापासून किती चौकटी पूर्वेला, किती उत्तरेला, किती खाली आहोत आणि कोणत्या दिशेला तोंड करून उभे आहोत हे सांगणारा ‘दुमापिक’ही आहे. दोन्ही एकाच शिदोरीतून खर्च होतात. म्हणजे आपण कुठे आहोत एवढे विचारले की पुढच्या चकमकीत जीव वाचवणारा मंत्र एकाने कमी होतो. बरे, विचारल्याशिवाय राहवत नाही, कारण भुयारात अशा काही चौकटी आहेत की त्यांवर पाय ठेवताच गेम तुमचे तोंड गुपचूप दुसरीकडे फिरवतो. समोर तोच रेघांचा बोळ दिसत राहतो आणि तुम्ही उत्तर समजून पश्चिम रेखाटत सुटता. काही वेळाने नवी भिंत जुन्या खोलीच्या मधोमध येऊन बसते, तेव्हा घोटाळा उमगतो. पडद्यावर काहीच घडलेले नसते, आणि तरी घाम फुटतो. असला परिणाम महागड्या चित्रांनी साधत नाही. एका आकड्याची वाटणी दोन गरजांमध्ये केली की साधतो.

म्हणून तुला पहिला आग्रह असा, की नकाशा हाताने काढ. रावपुऱ्यातल्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात लहान मुलांची गणिताची चौकटीची वही मिळते, ती आण. शिसपेन्सिल आणि खोडरबर पुरे. पानाच्या चारही बाजूंना समास सोड, उत्तर वर धर, आणि एकाच बाजूने उघडणाऱ्या दारांसाठी वेगळी खूण ठरव, नाहीतर परत येताना तिथे भिंत पाहून चक्रावशील. तयार नकाशे शोधलेस की तासाभरात मिळतील; ते पाहिलेस तर गेम संपेल, पण तो खेळल्यासारखा होणार नाही. दुसरा आग्रह एम्युलेटरविषयी, म्हणजे आजच्या संगणकावर जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमविषयी, आहे. तिथे कोणत्याही क्षणी स्थिती साठवून ठेवण्याची सोय असते आणि हात शिवशिवतोच. गावाबाहेर ती सोय वापरायची नाही, असा नेम धर. परतीची भीती काढून टाकल्यावर ‘विझर्ड्री’त उरतो तो हिशेबाचा कंटाळवाणा तक्ता, आणि मग तुझा चिमटा अगदी रास्त ठरेल. एम्युलेटरचा खटाटोप नको असेल तर डिजिटल एक्लिप्सने २०२४ मध्ये पूर्ण केलेली नवी आवृत्ती घे. तिच्या पोटात मूळचाच प्रोग्रॅम चालतो आणि मनात आले तर जुना पडदाही शेजारी पाहता येतो.

या साऱ्याचे मूळ कागदावरच्या खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये निघाला, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या शैक्षणिक यंत्रणेवर ‘पेडिट५’ नावाचा डंजन-गेम अवतरला. नाव असे रुक्ष का, तर एखाद्या पाठाची फाइल वाटावी म्हणून. तरीही व्यवस्थापकांच्या नजरेस पडला की तो पुसला जाई. तुझ्या मार्गदर्शकांनी विषय ऐकून नाक मुरडले तर ही परंपरा मनात असू दे.

१९८० च्या सुमारास युनिक्स या संगणक-प्रणालीवर आलेला ‘रोग’ हा मायकल टॉय आणि ग्लेन विचमन यांचा गेम थोडा वेगळ्या जातीचा. तिथे भिंती, दारे, राक्षस, सगळेच अक्षरांनी आणि चिन्हांनी दाखवलेले; प्रत्येक खेपेला भुयार नव्याने रचले जाते, मेलात की मेलात, आणि २६व्या मजल्यावरचा यंडोरचा ताईत हाती येईपर्यंत वर जाता येत नाही. ताईत घेऊन मात्र सगळे मजले पुन्हा चढायचे असतात. इथे नकाशाची वही कुचकामी ठरते आणि भूक सावकारासारखी मागे लागते. १९८५ चा ‘बार्ड्स टेल’ मला मनापासून आवडला असे म्हणता येणार नाही. संगीत, गल्ल्यांचे शहर आणि गाण्यांतून होणारी जादू यांसाठी तो पाहावा. पण एका किल्ल्यात चार टोळ्यांत प्रत्येकी ९९ असे ३९६ माथेफिरू एकदम अंगावर येतात, आणि अनुभवाचे गुण कमावण्यासाठी लोक तिथेच फेऱ्या मारत बसतात, हे पाहिले की संख्या वाढवणे आणि दडपण वाढवणे यांत किती अंतर आहे ते लक्षात येते.

१९८७ मध्ये एफटीएल गेम्सने अटारी एसटी या संगणकावर आणलेल्या ‘डंजन मास्टर’साठी मात्र सवड काढ. आरशांत अडकलेल्या २४ वीरांमधून चार निवडायचे आणि उतरायचे. इथे गाव नाही, दुकान नाही, सराय नाही. अन्न आणि पाणी खालीच शोधायचे, मशाली विझत जातात, आणि तुम्ही विचार करत बसलात म्हणून कोणी थांबत नाही, कारण सारे काही चालू घड्याळावर घडते. यातली दारे तेवढी नीट पाहा. बटण दाबले की जाळीचे दार खाली येते आणि खाली राक्षस उभा असेल तर त्याच्या डोक्यावर आपटून पुन्हा वर जाते. आधी हा अपघात वाटतो. मग खेळणारा राक्षसाला मुद्दाम दारात ओढून आणू लागतो. हे कोणी शिकवत नाही, दाराचे नियम एवढे प्रामाणिक आहेत की ते आपोआप सुचते. १९९१ चा ‘आय ऑफ द बिहोल्डर’ याच वाटेने गेला; तो देखणा आहे, पण आधी हा खेळलेला बरा.

त्यानंतर १९९२ चा ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’. चौकटीचौकटीने सरकणे जाऊन इथे मोकळेपणी चालणे, पोहणे, उडी मारणे, मान वर करून पाहणे आले, आणि तरी परतीची काळजी सुटली नाही, हे तो बनवणाऱ्या ब्लू स्काय प्रॉडक्शन्सचे कौतुक. नकाशा आपोआप रेखाटला जातो, पण त्यावर आपल्या हाताने टिपणे लिहिता येतात, ही तडजोड मला फार शहाणपणाची वाटते. शिवाय त्या आठ मजल्यांवर वस्ती आहे: एकमेकांशी न पटणाऱ्या गॉब्लिनांच्या दोन टोळ्या, आणि सरड्यासारखी माणसे, ज्यांची भाषा शब्दाशब्दाने शिकावी लागते. दिसेल त्याच्यावर तलवार चालवणारा इथे लवकर एकटा पडतो.

‘डायब्लो’ तुला माहीत असणार. १९९६ च्या अगदी अखेरीस आलेला हा गेम आधी आळीपाळीने खेळण्याचा म्हणून आखला होता आणि बनत असताना चालू घड्याळाचा झाला. ट्रिस्ट्रम गाव, खाली सोळा मजले आणि दर खेपेला नवी मांडणी, हे सारे ‘रोग’च्या घराण्यातले. त्यात एक पोथी मिळते, ती वाचली की निळे दार उघडते आणि एका पावलात गावात परत. पावागडावर पायऱ्यांनी गेलेल्याला आणि रोपवेने गेलेल्याला देवीचे दर्शन सारखेच होते, पण कोणत्या वळणावर पाणी मिळते हे पायऱ्यांनी गेलेल्यालाच ठाऊक असते. ‘डायब्लो’ मी कमी लेखत नाही. त्याने परतीची ओढ काढून त्या जागी पुढच्या पेटीत काय निघेल याची ओढ बसवली आणि ती विलक्षण जोरदार निघाली. फक्त दोन्ही ओढी एकच आहेत असे समजून गेम लिहू नकोस.

जपानात ‘विझर्ड्री’ला अमेरिकेपेक्षा दीर्घ आयुष्य लाभले. १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’वर त्याचा आणि ‘अल्टिमा’ या गेममालिकेचा ठसा आहे, आणि २००७ मध्ये ॲटलसने ‘इट्रियन ओडिसी’त निन्टेंडो डीएस या दोन पडद्यांच्या हातातल्या गेमयंत्राच्या खालच्या पडद्यावर काडीने नकाशा काढायला लावून चौकटीची वहीच गेमचा भाग करून टाकली. फिनलंडच्या चार जणांनी सुरू केलेल्या ‘लेजंड ऑफ ग्रिमरॉक’ने २०१२ मध्ये ‘डंजन मास्टर’ची पद्धत नव्या चित्रांत आणली आणि आपोआप निघणारा नकाशा बंद ठेवण्याची मुभाही दिली. तुझा लॅपटॉप जुना असला तरी यातले बहुतेक गेम सहज चालतील.

प्रकल्पाविषयी थोडे. चित्रांना आणि कथेला हात लावण्याआधी गेममध्ये काय संपत जाते, ते कुठे भरून मिळते आणि त्या दोन जागांमध्ये किती चौकटींचे अंतर आहे, हे कागदावर लिही. सत्रात दहा मजले होणार नाहीत. २० बाय २० चा एकच मजला कर. आपोआप मांडणी रचणारा प्रोग्रॅम लिहिण्याचा मोह तूर्त आवर, कारण त्यात परीक्षकांना दाखवण्यासारखे पुष्कळ असले तरी खेळणाऱ्याने लक्षात ठेवावा असा एकही कोपरा त्यातून सहजासहजी निघत नाही. मजला तयार झाला की वसतिगृहातल्या एखाद्या मैत्रिणीला, जिने असले गेम कधी पाहिलेले नाहीत तिला, वही-पेन्सिल देऊन बसव, आणि तू मागे उभी राहून एक शब्दही बोलू नकोस. ती कुठे थांबते आणि कोणते दार उघडायचे टाळते तेवढे टिपून घे. नंतर मला प्रोग्रॅम पाठवू नकोस. तिने काढलेला नकाशा पाठव, खाडाखोडीसकट.

तुझा,
काका