दर रविवारी टाकी धुता आणि सोमवारी गप्पी मरतात? ताई, आधी पाणी बघा, औषध नंतर

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. ठाण्यात घोडबंदरला नवीन फ्लॅट, माशांची 2 फुटी टाकी, दर रविवारी अर्ध्याहून जास्त पाणी बदलून फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून धुता आणि सोमवारी सकाळी चार-पाच गप्पी तळाला. दुकानदार म्हणतो मासे नाजूक निघाले, ही औषधाची निळी बाटली टाका. आणि मुलगी रडते. हे सगळं आमच्या घरात होऊन गेलंय म्हणून लिहितोय. मी डॉक्टर वगैरे नाही, अकरा वर्षं गप्पी, प्लॅटी, मॉली ठेवतोय एवढंच, तेव्हा तुमच्या घरचं पाणी तपासूनच काय ते ठरवा.

आधी एक सांगतो, गप्पी नाजूक अजिबात नाही. डासांच्या अळ्या खायला म्हणून पालिकावाले विहिरीत, हौदात सोडतात तो हाच मासा, हिरव्या साचलेल्या पाण्यात पण पोरंबाळं वाढवतो. मग आपल्या काचेच्या स्वच्छ टाकीत का मरतो? कारण त्या हौदात कोणी एका दुपारी ऐंशी टक्के पाणी बदलत नाही आणि ब्लीचिंग तर बिलकुल टाकत नाही. हळूहळू झालेला बदल तो पचवतो, एकदम झालेला नाही पचवत.

आता माझी चूक. कळव्याला राहतो, गणपतीच्या आधी घर आवरायला काढलं होतं. पाहुणे येणार म्हणून फिश टँक पण चकाचक करू म्हटलं, जवळजवळ सगळं पाणी काढलं, खडे धुतले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळला आणि नळाचं पाणी सरळ पाइपने भरलं. त्याच सकाळी सोसायटीने गच्चीवरची टाकी धुवून त्यात ब्लीचिंग पावडर टाकलेली, मला पत्ताच नाही. संध्याकाळी सातला बघतो तर सगळे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतायत. एक जुनी मादी होती, पोट असं टपोरं, एक-दोन दिवसांत पिल्लं देणार होती, ती फिल्टरच्या बाजूला आडवी पडलेली, कल्ले ताणून उघडे आणि कडा लालभडक. रात्री अकरापर्यंत साठेक मासे गेले. तीन पिढ्या वेगळ्या काढून, निवडून जमवलेली निळ्या शेपटीच्या गप्पींची लाइन, म्हणजे वाण, होती ती.

वाचली कोण? ओट्यावर मॉस घालून ठेवलेल्या बरणीतली अकरा पिल्लं. तोच खाऊ, तीच खोली, तेच आईबाप, फक्त त्या बरणीचं पाणी मी बदललं नव्हतं. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

दुसऱ्या दिवशी सोसायटी ऑफिसात गेलो, भांडायला नाही, फक्त विचारायला की टाकी कधी धुणार ते आदल्या दिवशी सांगाल का. उत्तर आलं, पाणी माणसं पितायत ना, मग माशांना काय होतंय. अर्ज द्या म्हणाले, दिला. परत गेलो, सेक्रेटरी नाहीत. तिसऱ्यांदा गेलो तर अर्जच सापडेना. लिफ्टमध्ये पार्किंगच्या दंडाची नोटीस लागते, वर्गणीची लागते, मग टाकी धुण्याची एक ओळ लिहायला काय जातं हे मला आजपर्यंत कळलेलं नाही, अजून राग येतो. शेवटी आमचा पंप चालवणारा दादा आहे त्याच्याशी बोललो, तो आदल्या रात्री आठवणीने सांगतो. तुम्ही पण ऑफिसच्या नादी लागू नका, थेट पंपवाल्याला गाठा.

तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते ओळखायची एक खूण आहे. त्याच दिवशी, काही तासांत मासे तडफडले तर बहुतेक ब्लीचिंगमधला क्लोरीन, कल्ले जाळतो तो. दोन-तीन दिवसांनी एकेक जायला लागला तर अमोनिया, कारण माशांच्या घाणीतला अमोनिया खाणारे बॅक्टेरिया त्या स्पंजमध्ये राहतात आणि नळाखाली धुतला की तेच मरतात. तुमच्याकडे दोन्ही चालू असणार असं मला वाटतं. म्हणून स्पंज टाकीतूनच काढलेल्या जुन्या पाण्यात दोनदा पिळायचा, काळपट राहिला तरी राहू दे.

पाणी आठवड्याला पाव भाग बदला, जास्त नको. नवं पाणी बादलीत भरून 24 तास उघडं ठेवा, त्यात एअर पंपचा बुडबुडे सोडणारा दगड सोडला तर अजून बरं. घाई असेल तर क्लोरीन मारणारे अँटीक्लोरीनचे थेंब, पण बाटलीवरच्या मापानेच, आणि पाणी टाकीत जायच्या आधी बादलीत. क्लोरीन तपासायचे ओटी (ऑर्थोटोलिडीन) थेंब मिळतात, पांढऱ्या कपात पाणी घेऊन टाकले की पिवळं होतं, जितकं गडद तितका क्लोरीन. पावसाळ्यात आणि पाणीपुरवठ्याच्या शटडाऊननंतर गढूळ पाणी येतं तेव्हा तर नक्कीच बघा. नेरुळला माझी बहीण आहे, तिच्याकडे मोरबे धरणाचं पाणी, तिला पण हे चुकलेलं नाही. घोडबंदरला टँकर आणि बोअरचं पाणी मिसळत असेल तर पाण्याचा जडपणा (त्यातले क्षार) पण बदलत राहतो. गप्पी-मॉलीला जड पाणी आवडतं, पण रोज वेगळं नाही आवडत.

ती निळी बाटली मात्र सध्या टाकू नका. आजार नसताना औषध म्हणजे त्या बिचाऱ्यांना आणखी त्रास, हे माझं ठाम मत आहे, दुकानदारांना पटणार नाही.

पिल्लांचं विचारलंय तर, एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर एकाच मादीच्या मागे लागून तिला दमवतात. दुकानातून आणलेली मादी बहुधा आधीच गाभण असते आणि नराचं बीज काही महिने साठवून ठेवते, त्यामुळे नर नसतानाही महिन्याभराने परत पिल्लं दिली तर घाबरू नका. ब्रीडिंग बॉक्समध्ये मादीला दिवसेंदिवस कोंडू नका, भरपूर गप्पी ग्रास (पाण्यातली वनस्पती) सोडा, पिल्लं त्यात लपतात, नाहीतर आईच खाते. उकडलेल्या अंड्याचा बलक काही जण सांगतात, पाणी लगेच नासतं, मी देत नाही. फ्लेक्स बोटांनी पीठ करून घाला, जमलं तर आर्टेमिया (बारीक जिवंत खाऊ). आणि जास्त झाली तर ठाण्यातल्या मासुंदा किंवा उपवन तलावात सोडू नका प्लीज, तिथल्या मूळच्या माशांना त्रास होतो, कोणालातरी देऊन टाका.

या रविवारी टाकी धुवायला काढू नका. शनिवारी रात्री एक बादली भरून ठेवा आणि रविवारी रात्री फक्त तेवढंच बदला. सोमवारी सकाळी किती मासे आहेत ते इथेच लिहा. त्या अकरा पिल्लांचीच पुढची पिढी अजून आहे माझ्याकडे, तुमचं पाणी एक महिना नीट राहिलं तर मुलीला घेऊन कळव्याला या, एक जोडी आणि मूठभर गप्पी ग्रास देतो.