हुसर्ल आणि हायडेगर : दोन 'कलम ३२' शेजारी ठेवून वाचा

फेनॉमेनॉलॉजी (गोष्टी अनुभवात जशा दिसतात तसं त्यांचं वर्णन करणारं तत्त्वज्ञान) आणि हर्मेन्युटिक्स (अर्थ लावण्याचा विचार) यांचं नातं समजून घ्यायचं असेल, तर थेट गाडामर या जर्मन तत्त्वज्ञापासून सुरुवात करू नका. १९६०चा त्याचा 'ट्रुथ अँड मेथड' हा ग्रंथ जे गृहीत धरतो, ते आधी हातात हवं.

पहिल्यांदा फेनॉमेनॉलॉजीचा प्रवर्तक हुसर्ल याच्या १९१३च्या 'आयडियाज'मधली कलमं २७ ते ३२ वाचा. इथे 'एपोखे' येतो. जग 'आहेच' हा आपला रोजचा विश्वास कंसात ठेवायचा. बहुतेकांची पहिली चूक इथेच होते : कंसात ठेवणं म्हणजे नाकारणं किंवा शंका घेणं नव्हे. विश्वास तसाच राहतो, फक्त त्याचा वापर थांबतो.

मग हायडेगरच्या १९२७च्या 'बीइंग अँड टाइम'मधलं कलम ७, तेही सावकाश. फेनॉमेनॉलॉजीतल्या वर्णनाचा पद्धतिशास्त्रीय अर्थ म्हणजेच अर्थनिर्णयन, असं तो तिथे मांडतो. हर्मेन्युटिक्सचा सांधा नेमका इथे जुळतो. त्यानंतर त्याचंही कलम ३२ उघडा. (क्रमांक सारखे हा योगायोगच, पण लक्षात ठेवायला फार सोयीचा.) कोणतीही गोष्ट आपण 'अमुक म्हणून' समजतो आणि त्याआधी पूर्वग्रहण (आधीच हाती असलेली समज), पूर्वदृष्टी (पाहण्याची आधीच ठरलेली दिशा), पूर्वसंकल्पना (आधीच धरलेल्या कल्पना) असतातच. समजायला आधीची समज लागते, या वर्तुळातून सुटायचं नसतं, त्यात योग्य रीतीने शिरायचं असतं.

आता वहीत एकच प्रश्न लिहा : समज मुळातच अशी पूर्वरचित असेल, तर हुसर्लचा कंस कुठवर पोचतो? 'हायडेगरने हुसर्लला खोडलं' असं घाईने लिहू नका. फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल रिकरच्या मते फेनॉमेनॉलॉजी आणि हर्मेन्युटिक्स एकमेकांना गृहीत धरतात, आणि मला तेच जास्त पटतं. कंसात ठेवणं म्हणजे अंतर घेणं, आणि अंतराशिवाय संहितेचा अर्थ लावताच येत नाही.