माल्टातली प्राचीन मंदिरं म्हणजे नुसते पडके दगड, असं ऐकलंय. तीन दिवसांच्या सहलीत त्यांच्यासाठी वेळ काढावा का?

जरूर काढा. फक्त तिथल्या दगडाची आधी थोडी ओळख करून घ्या.

माल्टा, गोझो आणि कोमिनो ही बेटं मिळून सगळा देश जेमतेम ३१६ चौरस किलोमीटरचा. बारमाही नदी एकही नाही. आहे ती चुनखडी, मुख्यतः दोन जातींची: एक टणक, करडी, दुसरी मधाच्या रंगाची, करवतीने कापता येईल इतकी मऊ. समुद्रात सरळसोट उतरणारे कडे, शेतांचे गडगे, राजधानी व्हॅलेटातली घरं, सगळं याच दगडाचं.

मंदिरंही त्याचीच. गोझोवरचं जिगांतिया इसवी सनपूर्व ३६०० च्या सुमाराचं, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या जवळपास हजार वर्षं आधीचं. तेव्हा त्या लोकांकडे धातूची हत्यारं नव्हती, तरी बाहेरच्या भिंतीतल्या काही शिळा पाच मीटरहून लांब आहेत. लोककथेत त्या एका राक्षसिणीने वाहून आणल्या. भिंतीखाली उभं राहिलं की ती कथा का रचली गेली ते पटतं.

मला स्वतःला सर्वांत आवडतात ती दक्षिण किनाऱ्यावरची हाजर इम आणि म्नायद्रा. दोन्हींत चालत दहा मिनिटांचं अंतर. हाजर इम मऊ दगडाचं, म्हणून खारा वारा आणि पावसाने त्याचे पापुद्रे सुटलेत. म्नायद्राच्या बाहेरच्या भिंती टणक दगडाच्या, आणि आत मऊ दगडावर बारीक छिद्रांची नक्षी. दोन्हींवर २००९ मध्ये मोठे तंबू उभारले. फोटो बिघडतात अशी तक्रार बरेच जण करतात. मला ती अजिबात मान्य नाही. छत नसतं तर ही झीज चालूच राहिली असती. विषुवदिनी उगवत्या सूर्याचे किरण म्नायद्राच्या दारातून थेट आतपर्यंत पोचतात. तेव्हा, म्हणजे मार्चच्या विसाव्या तारखेच्या आसपास जमलं तर उत्तमच. शेतंही तेव्हा हिरवी असतात, उन्हाळ्यात सगळं करपून पिवळं पडतं.

हाल साफ्लियेनीचं भुयारी दफनस्थान मात्र विमानाच्या तिकिटाआधी आरक्षित करा. आतली हवा बिघडू नये म्हणून दिवसाला मोजक्याच लोकांना सोडतात. तिथे सापडलेली, कुशीवर निजलेल्या स्त्रीची तळहाताएवढी मूर्ती व्हॅलेटाच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. ते संग्रहालय पहिल्याच दिवशी बघा, कारण मंदिरांतल्या बऱ्याच मूळ कोरीव शिळा आता तिथेच ठेवल्या आहेत.