माजी विद्यार्थ्यांनी गावच्या सातवीपर्यंतच्या शाळेसाठी 5 लाख जमवलेत. 75 इंची पॅनलचं कोटेशन आलंय, 26 जानेवारीला उद्घाटन करायचंय. टॅब घ्यावेत की इंटरॅक्टिव्ह पॅनल? नियोजन कसं करावं?

आधी कपाटाची किल्ली कोणाकडे राहणार ते ठरवा, टॅब की पॅनल ते नंतर.

तुमच्या प्रश्नात 5 लाख रुपये आहेत, 75 इंची पॅनलचं कोटेशन आहे, 26 जानेवारीला उद्घाटन करायचा बेत आहे. हे यंत्र कोणत्या वर्गाला, कोणत्या तासाला, कशासाठी लागणार यावर मात्र एक ओळही नाही. तुम्ही गावासाठी खटपट करताय, त्याचं मोल मला कळतं. पण अशीच सुरुवात झालेली शाळा मी आतून पाहिली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर शिकवते. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांच्या वाटेला लागतात. काही पोरं आजी-आजोबांजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात, आणि बाकीची आईबापांबरोबर कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीवर, जातात. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलात परत येतात. तिसरीत जोडाक्षरं वाचणारं पोर चौथीच्या शेवटी काना-मात्रेला अडखळतं. वर्ग तोवर पुढे गेलेला असतो आणि परीक्षा तोंडावर असते.

अशा शाळेला एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या निधीतून, 20 टॅब दिले. नेटशिवाय चालणारे, आत पायरीपायरीने वाढत जाणाऱ्या गोष्टी आणि गणिताचा सराव. सरपंच आले, नारळ फुटला, सत्कार झाले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी टॅब डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, नोंदवले, गोदरेजच्या कपाटात ठेवले आणि किल्ली स्वतःच्या पिशवीत टाकली.

त्या वर्षी पट्टा लवकर पडला. परत आलेल्यांत चौथीची एक मुलगी होती. कोपीवर बापाबरोबर मोळ्या मोजायची, गाडीचा हिशोब तोंडी करायची, पण पुस्तक उघडलं की तोंड मिटायची, कारण वाचताना बाकीची पोरं हसत. मला तिला रोज मधल्या सुट्टीनंतर अर्धा तास टॅबसमोर बसवायचं होतं, दुसरीच्या पायरीवर, कानाला हेडफोन लावून. ती काय वाचते ते शेजारच्याला दिसणार नाही, चुकली तर यंत्र पुन्हा ऐकवेल आणि हसणार नाही. तेवढ्या वेळात मी उरलेल्या वर्गाला शिकवू शकले असते. माझ्यासमोर दोन वर्ग एकत्र बसत होते, तिच्या एकटीजवळ रोज बसणं शक्य नव्हतं.

मी किल्ली मागितली. सर म्हणाले, "बाई, फुटला तर?"

मी म्हटलं, मी जबाबदारी घेते.

"तुमचा उत्साह ठीक आहे, पण रजिस्टरवर सही माझी आहे. उद्या बदली झाली, चार्ज देताना एक नग कमी भरला, तर तो माझ्या पगारातून जाईल. तुमच्या नाही."

सर कामचुकार नव्हते. अपूर्णांक ते असे शिकवत की सातवीचं पोर आयुष्यभर विसरत नसे. त्यांची भीतीही खरी होती. आपल्याकडे वस्तू हरवली, फुटली तर नोटीस निघते, वसुली लागते. वस्तू वापरली नाही म्हणून कोणाला नोटीस आल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. अशा व्यवस्थेत शहाणा माणूस कपाटाला कुलूपच लावणार. माझा राग त्या व्यवस्थेवर आहे. सरांवर आहे तो एवढ्याचसाठी, की ती भीती मुलांपेक्षा मोठी नाही हे त्यांनी कधी मान्य केलं नाही.

कंपनीची माणसं पाहणीला आली तेव्हा आदल्या रात्री टॅब चार्ज झाले. सातवीच्या हुशार, नीटनेटक्या पोरांच्या हातात दिले, फोटो निघाले आणि संध्याकाळी कपाट पुन्हा बंद. माझी चौथीची मुलगी त्या फोटोत नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात ते टॅब पत्र्याच्या खोलीत, पूर्ण उतरलेल्या बॅटरीसह पडून राहिले. लिथियमची बॅटरी अशी ठेवली की मरते. जूनमध्ये उघडले तर काहींच्या बॅटऱ्या फुगून मागचं झाकण उचललेलं, बाकीचे सुरूच होईनात. निर्लेखनाचा, म्हणजे बाद वस्तू रजिस्टरमधून काढण्याचा, प्रस्ताव कोण करणार, म्हणून तसेच परत कपाटात. ती मुलगी पाचवीला आली नाही, धाकट्या भावाला सांभाळायला कोपीवर राहिली. टॅब मिळाला असता तर ती शाळेत टिकलीच असती असं मी म्हणत नाही. वाचायला लागली असती, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते.

सर निवृत्त झाल्यावर एका लग्नात भेटले. बोलता बोलता अभिमानाने म्हणाले, "माझ्या काळात एकही टॅब गहाळ झाला नाही." मी म्हटलं, सर, एकही पोर त्यावर वाचायलाही शिकलं नाही. त्यांना ते लागलं. तरी मी शब्द मागे घेतले नाहीत.

हे एका शाळेचं रडगाणं समजू नका. वडोदऱ्यात महापालिकेच्या प्राथमिक शाळांना सरकारने प्रत्येकी 4 संगणक दिले होते. 2002 मध्ये शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' या संस्थेने पाहिलं तर लहान वर्गांतली पोरं ते जवळपास वापरतच नव्हती. मग तेच संगणक घेऊन चौथीच्या मुलांना आठवड्याला 2 तास, एका संगणकावर दोघं, असा गणिताचा सराव दिला, सोबतीला स्थानिक तरुण शिकवणारे ठेवले. गणिताचे गुण चांगलेच वाढले. संगणक आधीचेच होते. वाढलं ते वेळापत्रक, ठरलेला विषय आणि जबाबदार माणूस. याउलट पेरू देशात खेड्यांतल्या शाळांना मोठ्या प्रमाणावर मुलांसाठीचे स्वस्त लॅपटॉप वाटले गेले. 2012 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही. तोच लॅपटॉप भारतात पहिल्यांदा आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या छोट्या शाळेत 2007 मध्ये आला होता. आज किती जणांना ते नाव आठवतं?

उपकरणं निरुपयोगी असतात असं यावरून काढू नका. दिल्लीत मुलाच्या पातळीप्रमाणे प्रश्न बदलणाऱ्या सॉफ्टवेअरवर शाळेनंतरच्या केंद्रात पोरांना बसवलं, तेव्हा साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत ठळक प्रगती झाली. इयत्तेच्या कितीतरी मागे असलेल्या मुलाला तो आहे तिथून उचलणं, हेच काम टॅब बरं करतो. माझ्या चौथीच्या मुलीला नेमकं तेच हवं होतं.

पुढे माझी बदली दोनशिक्षकी शाळेवर झाली आणि मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडे आला. तिथे लोकवर्गणीतून थोडे टॅब घ्यायचं ठरलं. खरेदीच्या आधी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी एक ठराव लिहून घेतला: वर्गात वापरताना झालेलं नुकसान कोणा शिक्षकाकडून किंवा पालकाकडून वसूल केलं जाणार नाही, दुरुस्ती वर्गणीतून बाजूला ठेवलेल्या रकमेतून होईल. किल्ली चौथीच्या दोन मुलींकडे दिली. एक वही घातली: तारीख, कोणाला दिला, काय केलं, परत आला का. रोज मधल्या सुट्टीत मुलीच चार्जिंगला लावत. पहिल्याच सत्रात एका पोराच्या हातून टॅब पडून काच तडकली. तो रडायला लागला, त्याची आजी पदराला पैसे बांधून शाळेत आली. मी ठराव वाचून दाखवला आणि पैसे परत दिले. त्या दिवसानंतर टॅबला हात लावायला कोणी घाबरलं नाही. वही बघून केंद्रप्रमुखांनी विचारलं होतं की हे कोणत्या परिपत्रकाप्रमाणे. कोणत्याच नाही. पण ती वही मी आजही कोणालाही दाखवायला तयार आहे.

आता तुमचं. 2015 च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला, त्यानंतर गावोगाव लोकवर्गणीतून शाळा डिजिटल करायची लाट आली. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची शाळा बघायला लोक लांबून जात. चांगलंच झालं ते. पण त्या शाळेच्या मागे तिथले शिक्षक होते, आणि नक्कल करणाऱ्यांनी फक्त प्रोजेक्टर उचलला. परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले 2020 मध्ये जगभर गाजले, तेही पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमुळे. तो कोड छापायला जवळपास काही खर्च येत नाही. किंमत त्यामागे मराठीत तयार केलेल्या धड्यांची होती. आज बालभारतीच्या पुस्तकात कोड आहे, धडे दाखवणारं सरकारी दीक्षा ॲप 2017 पासून आहे. घरातला एकमेव फोन बापाच्या खिशात आणि बाप रात्री येतो, ही अडचण मात्र तुमच्या गावातही असणार. ती एका पॅनलने सुटत नाही.

पॅनल की टॅब, याचं माझं उत्तर: पाचवी ते सातवीला विज्ञान, भूगोल दाखवून शिकवणारे शिक्षक असतील आणि ते स्वतः मागत असतील तर पॅनल घ्या. शिक्षक मागत नसतील तर त्यावर बालगीतं लागतील आणि पाहुणे आले की झेंडावंदनाचे फोटो. वाचन-गणितात मागे पडलेली पोरं हा तुमचा प्रश्न असेल तर टॅब, दोघांत एक, कमी संख्येने, आणि आशय मराठीत व नेटशिवाय चालणारा. प्रोजेक्टर घेऊ नका. दिवा जातो, फिल्टरमध्ये धूळ बसते, खोलीत अंधार करावा लागतो आणि अंधारात चाळीस पोरं सांभाळणं काय असतं ते मला विचारा.

सगळे 5 लाख उपकरणांवर उडवू नका, किमान तिसरा हिस्सा बँकेत ठेवा. वीजबिल थकलं म्हणून मीटर काढून नेलेल्या शाळा मी पाहिल्या आहेत. 31 ते 100 पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला जास्तीत जास्त 25 हजार संयुक्त अनुदान बसतं, त्यातले 10 टक्के स्वच्छतेला. उरलेल्यात खडू, दुरुस्ती, बिल सगळं. इन्व्हर्टरची बॅटरी तीन-चार वर्षांत बदलावीच लागते, ती कोण देणार हे आजच लिहून ठेवा. अर्थिंग तपासून घ्या, व्होल्टेज वरखाली होणाऱ्या गावात त्याशिवाय पॅनल एका पावसाळ्यात जळू शकतं.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. मी सांगितलेला ठराव लोकवर्गणीच्या वस्तूंसाठी आहे. सरकारी योजनेतून आलेल्या वस्तूंना लेखापरीक्षणाचे नियम लागतात, तिथे गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि माझा अनुभव लहान पटाच्या शाळांचा आहे. तुमची सातवीपर्यंतची शाळा, तिथे किल्ली मुलींकडे देण्याआधी तिथल्या शिक्षकांचं मत घ्या.

कोटेशनवर सही करण्याआधी चौथीच्या बाईंना एकदा विचाराच, कोणती पोरं मागे आहेत आणि काय दिलं तर ती वाचतील. कदाचित त्या यंत्र मागणारच नाहीत, हाताखाली एक माणूस मागतील. वडोदऱ्याच्या त्याच अभ्यासात, आणि मुंबईतही, 'बालसखी' म्हणून वस्तीतलीच शिकलेली मुलगी नेमली होती. ती तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पोरांना रोज 2 तास वेगळं घेऊन बसायची. त्यानेही गुण वाढले आणि खर्च संगणकांपेक्षा कमी आला. तुमच्या गावात बारावी होऊन घरी बसलेली मुलगी नक्की असेल. 5 लाखांतून तिचं दोन वर्षांचं मानधन काढा, वर थोडे टॅब तिच्या हाताखाली द्या. उद्घाटन 26 जानेवारीला नाही झालं तरी चालेल, जूनमध्ये शाळा उघडताना वेळापत्रकात तास लावूनच सुरू करा.